आधी फुलाखाली बघा : हिमालयातले रानटी ॲनिमोन ओळखताना

हिमालयातून परतलेल्या मराठी ट्रेकरच्या फोनमध्ये एक फोटो हमखास असतो. ओल्या गवतात उमललेलं पांढरं किंवा निळं फूल, पाच पाकळ्या, मध्ये पुंकेसरांचा दाट पुंजका. कॅमेरा थेट फुलाच्या डोक्यावर धरलेला. ग्रुपवर तो फोटो पडला की उत्तरं सुरू होतात: ॲनिमोन, बटरकप, जिरेनियम, पोटेंटिला. सगळी अंदाजपंचे, कारण वरून काढलेल्या त्या फोटोत ओळखीला लागणारं जवळजवळ काहीच आलेलं नसतं. ॲनिमोनची ओळख फुलाच्या खाली असते, पानांत असते आणि ते ज्या जमिनीवर उभं आहे त्या जमिनीत असते. रंगाचा विचार सगळ्यात शेवटी करायचा, आणि काही जातींच्या बाबतीत करायचाच नाही.

हा लेख मुख्यतः काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडला धरून लिहिला आहे, कारण महाराष्ट्रातली माणसं ट्रेकला जातात ती बहुतेक तिकडेच. आपल्या सह्याद्रीत रानटी ॲनिमोन उगवत नाही. त्याचे भाऊबंद मात्र आपल्याला चांगले माहीत आहेत. पावसाळा सरता सरता कुंपणांवर आणि झुडपांवर पांढरी फुलं घेऊन चढणारी मोरवेल, गडांच्या उतारांवर फुलणारी निळवंती, मसाल्याच्या डब्यातली कलौंजी आणि वैद्यांच्या यादीतला बचनाग ही सगळी त्याच कुळातली. वनस्पतिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत या कुळाला मोरवेलीचंच नाव दिलेलं आहे. मोरवेलीचं फूल एकदा नीट पाहिलेलं असेल तर अर्धा अभ्यास घरीच झाला म्हणायचा, कारण ॲनिमोनच्या फुलातली मुख्य खूण तिच्यातही आहे: या फुलांना पाकळ्या नसतात.

ते कसं, हे बघायला फूल तोडावं लागत नाही. देठाशी वाकून फुलाची मागची बाजू बघा. बटरकपच्या फुलामागे पाच छोटी हिरवी निदलं असतात, म्हणजे कळीला झाकणारी पानं. आणि त्यांच्या पुढे चकचकीत पाकळ्या, प्रत्येकीच्या तळाशी मधाचा बारीकसा खळगा. असे दोन थर. ॲनिमोनमध्ये थर एकच. कळीला झाकायचं काम ज्यांनी केलं तीच निदलं मोठी होऊन रंग धरतात आणि आपण त्यांना पाकळ्या म्हणतो. फुलामागे हिरवं काही दिसलं नाही की पहिली चाचणी पार पडली.

आता त्याच देठावरून थोडं खाली या. कधी बोटभर, कधी चांगलं वीतभर खाली, देठाभोवती एकाच ठिकाणाहून निघालेल्या पानांचा गोल दिसेल. बहुतेक वेळा पानं तीन असतात, कधी जमिनीलगतच्या मोठ्या पानांसारखी चिरलेली, कधी अगदी लहान आणि साधी. हा पानांचा गळपट्टा ॲनिमोनची सगळ्यात भरवशाची खूण आहे. त्याच्या खाली देठ उघडा असतो आणि थेट जमिनीलगतच्या पानांच्या झुबक्यात जाऊन मिळतो.

ही दुसरी चाचणी महत्त्वाची का, तर पहिलीत आणखी एक फूल उत्तीर्ण होतं. मार्श मॅरिगोल्ड. त्यालाही पाकळ्या नसतात, तेही ओल्या जमिनीत उगवतं, त्याच कुळातलं आहे. फुलं ओळखायच्या पुस्तकांत त्याची फुलं पिवळी दाखवलेली असतात म्हणून गोंधळ होणार नाही असं वाटतं. पण पश्चिम हिमालयात त्याचा पांढऱ्या फुलांचा प्रकार झऱ्यांच्या काठी उगवतो, आणि तो बघून भलेभले ॲनिमोन म्हणून मोकळे होतात. त्याची पानं गोलसर, अखंड, कडेला बारीक दाते असलेली. देठावर गळपट्टा नाही. एवढं बघितलं की विषय मिटतो.

बाकीचे तोतये तसे सोपे आहेत. पोटेंटिलाच्या फुलामागे हिरव्या पानांची दोन आवर्तनं मिळून दहा टोकं दिसतात. जिरेनियमच्या पाकळ्यांवर रेघा उठून दिसतात, पुंकेसर मोजून दहा असतात आणि मधून लांब चोच निघते. ॲनिमोनमध्ये पुंकेसर मोजत बसायची सोय नाही, इतके ते असतात. त्या पुंकेसरांच्या मधोमध हिरवट गोळा दिसतो. तो एकसंध नाही. अनेक सुट्या स्त्रीकेसरांची ती गर्दी आहे, आणि पुढे प्रत्येकाचं एकेक बी असलेलं कोरडं फळ बनतं. हा गोळा लक्षात ठेवा. फुलं झडल्यावर जात ठरवायला तोच उपयोगी पडतो.

बहुतेक ॲनिमोन मध तयार करत नाहीत. माश्या, भुंगे येतात ते परागांसाठी. ढग आले किंवा ऊन कललं की बऱ्याच जातींची फुलं मिटतात, खाली मान घालतात, आणि सकाळी पांढरा झालेला उतार दुपारनंतर नुसता हिरवा दिसतो. म्हणून ऊन असेल तेव्हा, साधारण दहा ते दोनच्या दरम्यान बघायला जा. डोंगरात तसंही दुपारनंतर ढगांचंच राज्य असतं.

जमीन काय सांगते

ॲनिमोन शोधायला निघालेल्या माणसानं मला विचारलं की कुठे बघू, तर मी गावाचं नाव सांगण्याआधी पायाखाली काय आहे ते विचारीन. एकाच दिवसाच्या चालीत चार जाती दिसू शकतात, पण त्या एकमेकींच्या जागेत सहसा घुसत नाहीत. जंगलाच्या कडेची वेगळी, ओढ्याकाठची वेगळी, बुग्यालावरची वेगळी, कातळावरची वेगळी.

सुरुवात बुग्यालापासून करू, म्हणजे झाडांची हद्द संपल्यावर लागणाऱ्या गवताळ उतारांपासून. बर्फ मागे सरकतं तसं त्याच्या कडेनं जे पहिलं हिरवं उगवतं त्यात ॲनिमोन ऑब्ट्यूसिलोबा असतोच. साधारण २,५०० मीटरच्या वर तो दिसू लागतो आणि ४,००० मीटरपर्यंत साथ देतो. जमिनीला चिकटून पानांची चकती. पानं मऊ केसाळ, तीन भागांत चिरलेली आणि प्रत्येक भाग पुन्हा बोथट खाचांचा. त्या चकतीतून चारी बाजूंना आडवे-तिरपे देठ निघतात आणि एकेका देठावर सहसा एकच फूल. गळपट्ट्याची पानं बारीक, पटकन नजरेत न भरणारी.

रंगावर जाऊ नका असं मी म्हणतो ते मुख्यतः याच्यासाठी. ऑब्ट्यूसिलोबा निळा असतो, पांढरा असतो, दोन्हींच्या मधल्या फिकट छटांत असतो, आणि काही भागांत पिवळाही. एकाच उतारावर दोन हातांच्या अंतरावर निळं आणि पांढरं झाड शेजारी शेजारी दिसतं. हौशी लोक त्याचे दोन वेगळे फोटो काढून दोन वेगळी नावं शोधत बसतात. खाली वाकून पानांची चकती बघितली असती तर ती एकच आहे हे लगेच कळलं असतं.

मेंढपाळांच्या वाटेवरच्या कुरणांत तो भरपूर असतो, याचं कारण त्याच्या रसात आहे. त्याकडे नंतर येतो.

पाणी ऐकू आलं की शोधायचा तो ॲनिमोन रिव्ह्युलॅरिस. ओढ्याचा काठ, पाझराची जमीन, जंगलातली ओली मोकळी जागा. उंची साधारण १,८०० ते ३,६०० मीटर. हा उंच वाढतो, गुडघ्यापासून कमरेपर्यंत. गळपट्ट्याची पानं मोठी, खोल चिरलेली, आणि त्यातून एक नव्हे तर अनेक फुलांचे देठ फुटतात. मधलं फूल आधी उमलतं, बाजूची नंतर, त्यामुळे एकाच झाडावर मध्ये तयार होत आलेली फळं आणि कडेला ताज्या कळ्या असं दृश्य दिसतं. फुलं पांढरी, पण पाठ उलटून बघितली तर तिच्यावर निळसर झाक असते. पुंकेसरांची टोकंही पिवळी नसून निळसर-जांभळट. एखाद्या पांढऱ्या ॲनिमोनच्या मध्यावर पिवळं नाही, निळं दिसलं तर नव्वद टक्के हाच. फळं गुळगुळीत आणि टोकाला आकडा. जनावरांच्या लोकरीला आणि तुमच्या मोज्यांना अडकायला त्यांना सोयीचं पडतं.

उंच उतारांवर, जिथे गवताबरोबर इतर दांडगी झाडंही असतात, तिथे ॲनिमोन पॉलिअँथेस आणि ॲनिमोन टेट्रासेपाला भेटतात. दोघांतही एका गळपट्ट्यातून फुलांचा झुबका निघतो, आणि रिव्ह्युलॅरिससारखी पुढे फांद्यांची उतरंड होत नाही. सगळे देठ एकाच ठिकाणाहून. टेट्रासेपालाला बहुतेक वेळा चारच निदलं असतात, एवढी खूण पुरे. जॉन फोर्ब्स रॉइल या सहारणपूरच्या सरकारी बागेच्या प्रमुखानं एकोणिसाव्या शतकात हिमालयाच्या वनस्पतींवर जो मोठा ग्रंथ केला, त्याचंच नाव या जातीला वर्णनकर्ता म्हणून जोडलेलं आहे. पॉलिअँथेसचे देठ केसाळ, निदलं सहसा पाच किंवा जास्त, आणि रंग पांढऱ्यापासून गुलाबी-जांभळटपर्यंत. दोघांची फळं चपटी, बिनलोकरीची.

माझा सर्वांत आवडता कातळावरचा ॲनिमोन रूपिकोला. ३,००० मीटरच्या वर, घसाऱ्याच्या उतारांवर, मोठ्या दगडांच्या फटींत. झाड बुटकं आणि फूल त्याच्या मानानं फार मोठं, बहुधा एकटं. वरून पांढरं शुभ्र, पाठीवर रेशमी केस आणि गुलाबी-जांभळी झाक. याची पाठ न बघता वरून फोटो काढून पुढे जाणाऱ्याचं मला मनापासून वाईट वाटतं. पायाखालचे धोंडे सुटे असतात तेव्हा त्यासाठी उगाच चढू नका. वाटेच्या वरच्या अंगाला दगडांत नजर फिरवत गेलात तरी तो सापडतो.

या जातीच्या गोष्टीत मुंबई आहे. व्हिक्टर झाकमाँ हा फ्रेंच निसर्गअभ्यासक १८२९ मध्ये हिंदुस्थानात आला, पुढची दोन-अडीच वर्षं हिमालय, पंजाब, काश्मीर असा हिंडत त्यानं वनस्पती जमवल्या आणि मग दक्षिणेकडे वळला. ७ डिसेंबर १८३२ रोजी वयाच्या एकतिसाव्या वर्षी तो मुंबईत वारला. त्याच्या संग्रहातल्या वनस्पतींची वर्णनं पुढे फ्रान्समध्ये प्रसिद्ध झाली. रूपिकोलाचं वर्णन झाक कांबेसेद यांनी केलं ते त्याच कामात. हिमालयातल्या पांढऱ्या सालीच्या भूर्जवृक्षाच्या एका प्रकाराला झाकमाँचं नाव आहे, तो हाच.

जंगलाच्या कडेला, रस्त्यालगतच्या सावलीत, २,००० ते ३,००० मीटरच्या टप्प्यात पावसाळ्यात फुलतो तो ॲनिमोन व्हिटिफोलिया. बाकीचे आटोपल्यावर, जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत. पानं मोठी, नाशिककडच्या कुणालाही द्राक्षाच्या पानाची आठवण होईल अशा घाटाची; उलटून बघा, खालची बाजू पांढऱ्या लवेनं भरलेली असते. झाड छातीइतकं उंच होऊ शकतं. मसुरी, शिमला, नैनिताल अशा ठिकाणी हॉटेलच्या मागच्या उतारावरही तो दिसतो, त्यासाठी ट्रेक करायची गरज नाही. पाऊस सरल्यावर त्याच्या फळांचा गोळा फुटतो आणि आतून सावरीच्या कापसासारखी लव बाहेर येते. प्रत्येक बी त्या लवेत गुंडाळलेलं असतं आणि वाऱ्याबरोबर जातं. रूपिकोलाची फळंही अशीच लोकरी. म्हणून म्हणतो, फुलं संपली म्हणून हिरमुसू नका. फळाला आकडा असेल तर रिव्ह्युलॅरिस, कापूस असेल तर व्हिटिफोलिया किंवा रूपिकोला, चपटं आणि साफ असेल तर पॉलिअँथेस किंवा टेट्रासेपाला. फुलावरून जितकं भांडण होतं तितकं फळावरून होत नाही.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या वाचकांच्या बागेत शरदात फुलणारा गुलाबी ‘जपानी ॲनिमोन’ असेल तर त्यात या व्हिटिफोलियाचं रक्त असू शकतं. १८४८ च्या सुमारास लंडनजवळच्या चिझिक इथल्या बागेत मूळ चीनच्या एका जातीशी त्याचा संकर करून ही बागेतली जात घडवली गेली.

काश्मीर खोऱ्यातल्या कोरड्या, उघड्या उतारांवर ॲनिमोन बायफ्लोरा असतो, लालसर फुलांचा, जमिनीत कंद असलेला. तो हिमालयापेक्षा इराण-अफगाणिस्तानकडच्या कोरड्या डोंगरांचा नातेवाईक. वसंतात लवकर फुलून उन्हाळ्यात जमिनीखाली दडी मारतो. पर्यटकांच्या हंगामात तो क्वचितच दिसतो.

केव्हा जायचं

इथे आपल्याकडची ठरलेली पद्धत आडवी येते. ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ची सहल म्हटली की महाराष्ट्रातून निघणारे बहुतेक गट जुलैच्या अखेरीला किंवा ऑगस्टमध्ये जातात. तेव्हा दरी फुलांनी भरलेली असते यात शंका नाही, पण ती फुलं तेरड्याच्या जातींची, जिरेनियमची आणि माणसाच्या खांद्याला लागणाऱ्या रानगवतासारख्या झाडांची. व्हिटिफोलिया सोडला तर ॲनिमोनचा हंगाम बर्फ वितळण्याला बांधलेला आहे. दरी १ जूनला उघडते आणि ३१ ऑक्टोबरला बंद होते. ॲनिमोन बघायचा तर जूनमध्येच जावं. वाटेत बर्फाचे पट्टे असतील, काही ठिकाणी घसरायला होईल, आणि रंगांची ती प्रसिद्ध गर्दी नसेल. माझं मत विचाराल तर जूनची दरी ऑगस्टपेक्षा सरस. झाडं बुटकी असल्यामुळे प्रत्येक फूल जमिनीसकट दिसतं. मुक्काम घांगरियाला, कारण दरीत रात्री राहायला परवानगी नाही.

शाळेच्या सुट्टीतच जायचं असेल तर मे महिन्यात चोपता–तुंगनाथ–चंद्रशिला ही वाट धरा. ॲनिमोन शिकायला याहून सोपी शाळा नाही. चोपता साधारण २,७०० मीटरवर, तुंगनाथाचं मंदिर ३,६८० मीटरवर आणि चंद्रशिलेचा माथा ४,००० मीटरच्या आसपास. चार-पाच किलोमीटरच्या बांधीव वाटेनं तुम्ही लाल फुलांच्या बुरांशाच्या जंगलातून निघून बुग्यालावर आणि तिथून कातळावर पोचता, म्हणजे तीन वेगवेगळ्या जागा एका दिवसात पायाखालून जातात. मे महिन्यात वरच्या उतारांवर बर्फाच्या कडेनं ऑब्ट्यूसिलोबा फुललेला असतो आणि शेजारी जांभळ्या गोळ्यांचा प्रिम्युला. गढवाल विद्यापीठाच्या उच्चपर्वतीय वनस्पती संशोधन केंद्राचं ठाणंही तुंगनाथलाच आहे, यावरून या उतारांचं महत्त्व लक्षात यावं.

बुग्यालावर तंबू ठोकायचा बेत असेल तर सोडून द्या. उत्तराखंड उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली. निर्णयावर ट्रेक चालवणाऱ्यांनी नाराजी दाखवली, पण ज्यानं तंबूखालचं पिवळं पडलेलं गवत बघितलंय त्याला त्यामागचं कारण समजावून सांगावं लागणार नाही. ऑब्ट्यूसिलोबाची पानांची चकती जमिनीलाच चिकटलेली असते. वाट सोडून चालणाऱ्याचा बूट आधी तिच्यावरच पडतो.

पावसाळ्यात कुटुंबाला घेऊन मसुरी किंवा शिमल्याला जाणार असाल तर व्हिटिफोलियावर समाधान माना. ते समाधान लहान नाही.

हिमालयाबाहेर

हिमालय लांब वाटत असेल तर दक्षिणेकडे बघा. ओढ्याकाठचा तोच रिव्ह्युलॅरिस निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत, उंच गवताळ माळांवरच्या ओल्या जागी आहे, आणि पुढे श्रीलंकेतही. मधल्या संपूर्ण दख्खनमध्ये नाही. हिमालयात आणि दक्षिणेच्या टोकाच्या डोंगरांत असलेल्या, पण मध्ये कुठेच नसलेल्या अशा इतरही वनस्पती-प्राणी आहेत. लाल फुलांचा बुरांश त्यांतला सगळ्यांना ठाऊक असलेला. हिमयुगाच्या थंड काळात थंडी मानवणाऱ्या वनस्पती खालपर्यंत पसरल्या आणि हवा तापल्यावर फक्त उंच माथ्यांवर उरल्या, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९४९ मध्ये माशांच्या अभ्यासावरून सातपुड्याच्या रांगेनं हिमालयातले जीव पश्चिम घाटात उतरले असावेत अशी मांडणी केली होती. ती पुरती मान्य झाली नाही, वाद चालू राहिला. पण मेळघाटातून जाताना या वाटेची कल्पना करून बघायला हरकत नाही.

इस्राएलमध्ये नातलग असलेल्या, अलिबाग-पेणकडून गेलेल्या बेने इस्राएल कुटुंबांना ‘कलानीत’ हे नाव नवीन नसेल. ते ॲनिमोन कोरोनारिया. जमिनीत कंद, हिवाळ्याच्या पावसाबरोबर उगवायचं, जानेवारी ते मार्चमध्ये फुलायचं आणि उन्हाळ्यात मातीखाली झोपायचं, असा त्याचा भूमध्य सागराकाठचा क्रम. २०१३ मध्ये तिथे ते राष्ट्रीय फूल म्हणून निवडलं गेलं. उत्तरेकडे पाऊस जास्त तिथे ते पांढरं, गुलाबी, जांभळं, लाल अशा अनेक रंगांत असतं. दक्षिणेला नेगेवच्या कोरड्या कडेला मात्र केवळ लाल. या लाल फुलांकडे भुंग्यांच्या काही जाती ओढल्या जातात आणि त्यांच्यामार्फत परागीभवन होतं. त्याच माळांवर, थोड्याफार पुढेमागे, लाल खसखस, लाल ट्युलिप आणि लाल रॅनन्क्युलसही फुलतात, आणि दुरून सगळी एकच वाटतात. इथेही खाली वाका. देठावर चिरलेल्या पानांचा गळपट्टा असेल तर कलानीत, फुलामागे हिरवी निदलं असतील तर रॅनन्क्युलस, रेषांसारख्या शिरांची रुंद साधी पानं असतील तर ट्युलिप, देठातून चीक आला तर खसखस, अर्थात तोडल्याशिवाय तो दिसणार नाही आणि तिथे अनेक रानफुलं तोडायला कायद्यानं बंदी आहे. गाझाच्या सीमेलगतचा जो भाग या फुलांच्या उत्सवासाठी ओळखला जायचा तो ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यात आणि नंतरच्या युद्धात होरपळला. तिकडे जाण्याआधी तिथल्या नातलगांकडूनच चौकशी करा.

इंग्लंडमध्ये असाल तर मार्च ते मे या काळात जुन्या पानगळी जंगलात जा. झाडांना पानं फुटून सावली होण्याआधी मिळणाऱ्या काही आठवड्यांच्या उन्हात तिथला पांढरा रानॲनिमोन जमीन झाकून टाकतो आणि उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत पानांसकट गायब होतो. त्याचं जमिनीतलं आडवं खोड फार सावकाश पसरतं. त्यामुळे त्याचा मोठा गालिचा दिसला की ते जंगल जुनं आहे असं तिथले लोक समजतात.

रस, फोटो आणि नावं

ॲनिमोनची पानं किंवा देठ चुरगळला की त्यातून एक दाहक द्रव्य तयार होतं, प्रोटोॲनिमोनिन. कातडीला लागलं तर आग होते, फोडही येऊ शकतात. तोंडात गेलं तर तोंड आणि पोट दोन्हींची वाट लागते. मेंढ्या-शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत, आणि म्हणूनच चरून चरून बाकीचं गवत बारीक झालेल्या कुरणांतही ऑब्ट्यूसिलोबा ताठ असतो. पान वाळलं की हा दाहकपणा बराच उतरतो, पण ‘पहाडी जडीबुटी’ म्हणून कुणी दिलं तरी चाखून बघू नका. मुलं बरोबर असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा. रस लागलाच तर साबणपाण्यानं हात धुवा, तोवर डोळ्यांना लावू नका.

काही ठिकाणी ऑब्ट्यूसिलोबाला रतनजोग म्हणतात आणि रोगनजोशला लाल रंग देणाऱ्या मुळीला रतनजोत. दोन्हींचा काही संबंध नाही. वाटाड्यानं सांगितलेलं स्थानिक नाव वहीत जरूर लिहा, पण त्यावर स्वयंपाक करू नका.

फोटो काढताना एका झाडाचे निदान सहा काढा: फूल समोरून, फूल मागून, देठावरचा गळपट्टा, जमिनीलगतचं पान वरून आणि उलटं, आणि दोन पावलं मागे सरून आजूबाजूची जमीन. शेवटचा फोटो लोक टाळतात, पण ओळखणाऱ्याला सर्वांत जास्त मदत त्याचीच होते. मापासाठी शेजारी बोट धरा. फोनमधून उंची आणि तारीख टिपून ठेवा. दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग खिशात असेल तर फळाचा आकडा आणि पानाची लव जागेवरच बघता येते. संरक्षित भागातून, मग ती व्हॅली ऑफ फ्लॉवर्स असो की तुंगनाथच्या वाटेवरचं केदारनाथ अभयारण्य, पान-फूल-बी काहीही उचलायचं नाही. बागेत लावायची हौस असेल तर रोपवाटिकांतून कोरोनारियाचे कंद मिळतात. काही तास पाण्यात भिजवून थंडीच्या सुरुवातीला लावले तर पुण्या-नाशकाच्या हिवाळ्यात फुलं बघता येतात. उन्हाळा मात्र ते सोसत नाहीत. हिमालयातली रानटी जात खाली आणून जगेल अशी आशा धरू नका.

फोटो आयनॅचरलिस्टसारख्या ॲपवर टाकलेत की एक नवा गोंधळ समोर येईल. पुस्तकात ॲनिमोन ऑब्ट्यूसिलोबा, ॲपमध्ये ॲनिमोनास्ट्रम ऑब्ट्यूसिलोबम. पुस्तकात ॲनिमोन व्हिटिफोलिया, ॲपमध्ये एरिओकॅपिटेला व्हिटिफोलिया. रिव्ह्युलॅरिस आणि रूपिकोलाही त्याच एरिओकॅपिटेलात. लिनियसनं १७५३ मध्ये केलेली ॲनिमोन ही मोठी प्रजाती अलीकडे काही शास्त्रज्ञांनी फोडली आहे. काही गटांत गुणसूत्रांची मूळ संख्या सात आहे, काहींत आठ, आणि डीएनएच्या अभ्यासातही हे गट वेगळे पडतात, हा त्यामागचा आधार. काही जण अजून सगळ्यांना ॲनिमोनच म्हणतात. नावाचा दुसरा भाग थोड्याफार फरकानं तोच राहतो, म्हणून शोधताना त्या दुसऱ्या भागानं शोधा. ॲपनं फोटो बघून सुचवलेल्या नावावर लगेच ‘सहमत’ दाबू नका. गळपट्टा आणि फळ त्या नावाशी जुळतात का ते आधी बघा, आणि जुळत नसतील तर नुसतं ‘ॲनिमोन गट’ इथवरच ओळख नोंदवून बाकीचं दुसऱ्यावर सोडा.